शेपटीत शिरण्याआधी: सिंहनृत्य आणि ड्रॅगननृत्यातल्या या चुका टाळा

गेली सहा वर्षं मी सिंहाची शेपटी आहे. चिनी सिंहात दोनच माणसं असतात. पुढचा डोकं धरतो, मागचा त्याच्या कमरेला धरून वाकलेला. मागच्याला नाच संपेपर्यंत पुढच्याची पाठ आणि जमिनीचा एक तुकडा एवढंच दिसतं. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढं सिंगापूरला जाऊन शेवटी शेपूटच घातलंस होय!"

चिनी नववर्षाच्या तीन-चार महिने आधी आमच्या पथकात नवी पोरं येतात. सगळ्यांना डोकं हवं असतं. डोळे मिचकावतात, कान हलतात, तोंड उघडतं, फोटोत तेच येतं. पण सिंह बिघडतो तो मागून, खालून आणि ढोलातून. दरवर्षी बघतोय, चुका त्याच असतात.

मोबाइलवर बघून सरमिसळ करू नका

लोक सिंहाला ड्रॅगन म्हणतात, ते सोडून द्या. माणसं कापडाच्या आत असतील तर सिंह, बाहेर काठ्या धरून पळत असतील तर ड्रॅगन. खरा घोळ सिंहातच आहे. उत्तरेचा सिंह केसाळ, पिवळा-नारिंगी, थोडा कुत्र्यासारखा. तो कोलांट्या मारतो, मोठ्या चेंडूवर चालतो. दक्षिणेचा, म्हणजे ग्वांगडोंग प्रांतातला, शिंगवाला, मोठ्या डोळ्यांचा. सिंगापूर-मलेशियात बहुतेक हाच दिसतो. त्यातही फोशानची चाल आणि हशानची चाल वेगळी. फोशानमध्ये कुंग फूचा ठसा जास्त, पवित्रे रुंद आणि जोरकस. हशानचा सिंह मांजरासारखा दबकत येतो. नवशिका इकडचा व्हिडिओ बघतो, तिकडचा बघतो आणि फोशानच्या जड डोक्याखाली हशानची नाजूक पावलं टाकायला जातो. पहिल्या वर्षी एकच चाल धरा.

रंगही उगाच निवडू नका. प्राचीन चीनमधल्या तीन राज्यांच्या काळातल्या तीन वीरांचे तीन सिंह मानतात: पिवळा, पांढऱ्या दाढीचा ल्यू बेई, लाल, काळ्या दाढीचा ग्वान यू, काळा तो झांग फेई, तापट आणि भांडखोर. माझगावच्या सी यिप कून मंदिरातला क्वान कुंग ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी या ग्वान यूलाच पाहिलंय. जुने शिफू, म्हणजे गुरू, काळा सिंह नाचवणाऱ्याकडून त्या तोऱ्याची अपेक्षा करतात. नवख्याच्या हातात तो दिला की त्यांच्या कपाळाला आठी पडते.

पाठ दुखते? गुडघे बघा

शेपटीवाल्याची पहिली तक्रार पाठीची असते. दहापैकी नऊ वेळा त्याचे गुडघे सरळ असतात आणि तो कमरेतून काटकोनात वाकलेला असतो, नळावर पाणी पिणाऱ्यासारखा. सगळा भार कण्यावर येतो. घोडेस्वार बसल्यासारखे पाय फाकवून, गुडघे वाकवून बसा, त्याला मा-पू म्हणतात, आणि मग पाठ सपाट करा. आमचे शिफू शेपटीवाल्याच्या पाठीवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवतात आणि चालायला सांगतात. पहिल्या दिवशी माझी बाटली चार पावलांत पडली, तीही शिफूंच्याच पायावर.

दुसरा त्रास बाहेरून दिसतो: सिंहाच्या जागी दोन माणसं दिसायला लागतात. पुढचा थांबला तरी मागचा अर्धं पाऊल टाकतो, कापडाला झोळ पडतो, पाठीवर कुबड येतं. कारण बहुतेक वेळा पट्ट्यात असतं. पुढच्याच्या कमरेला जाड पट्टा असतो, त्याला दोन्ही बाजूंनी पक्कं धरायचं. तुमचे डोळे म्हणजे तो पट्टा. पुढचा वळायच्या आधी त्याची कंबर वळते आणि ते मनगटाला आधी कळतं. पोरं पट्टा सोडून पँट धरतात. मग कळत काहीच नाही, आणि एकदा तर पँटच हातात आली.

सिंह उभा असतानाही मागच्याला सुट्टी नाही. अंगावरचा भार या पायावरून त्या पायावर हळूहळू नेत राहा, म्हणजे पोट श्वास घेतल्यासारखं हलतं. हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण नसलं की सिंह मेलेला दिसतो.

आता उचलणं. पुढचा उडी मारतो आणि मागच्याच्या मांड्यांवर उभा राहतो. सिंह मागच्या पायांवर उभा राहिला असं दिसतं. इथे दोघंही चुकतात. पुढचा "तू उचल" म्हणून उडी अर्धीच मारतो, आणि मागचा हातांच्या जोरावर साठ किलोचा माणूस वर ओढायला बघतो. उडी पुढच्याची पूर्ण हवी. तो हवेत हलका झाला की त्या क्षणी पट्ट्याने वर आणि आपल्याकडे घ्यायचं, आणि लगेच मागे रेलून बसायचं. त्याचा तोल पुढे, तुमचा मागे, पट्टा मधोमध ताणलेला. पाय मांडीच्या सपाट भागावर पडले पाहिजेत, गुडघ्याच्या वाटीवर कधीच नाही. आधी कापडाशिवाय, भिंतीजवळ, खाली गादी टाकून करा. कापड अंगावर आल्यावर चूक दिसत नाही, थेट दुखते.

खांबांबद्दल विचारणारे पुष्कळ. जेवणाच्या ताटाएवढ्या चकत्यांवर, माणसाच्या डोक्याहून उंच, एका खांबावरून दुसऱ्यावर उड्या मारायचा प्रकार मलेशियात १९८०च्या दशकात रुजला. तिथल्याच गेंटिंगला १९९४पासून जागतिक स्पर्धा भरते. त्याबद्दल माझा सल्ला एवढाच: जमिनीवरच्या रेषेवर शंभरपैकी शंभर वेळा पाऊल नेमकं पडत नाही तोवर बाकावरसुद्धा चढू नका.

डोकं म्हणजे टोपी नव्हे

नवा पोरगा डोकं हेल्मेटसारखं घालतो आणि आपली मान हलवतो. सिंहाची मान हलतच नाही, फक्त पोराचं कपाळ बांबूच्या सांगाड्यावर आपटत राहतं. डोकं हातांनी धरायचं असतं, आतल्या दांडीवर. तोंड, पापण्या, कान यांच्या दोऱ्याही त्याच हातांनी सांभाळायच्या. जुनी बांबू-कागदाची डोकी जड असायची, आताची हलकी आहेत, पण दहा मिनिटांनी खांदे भरून येतातच. कोपर अंगापासून लांब पसरले की लवकर. कोपर जवळ ठेवा.

मोठी चूक मात्र वेगळी आहे: सतत हलणं. डोकं हातात आलं की शांत राहवत नाही. पापण्या फडफड, कान फडफड, तोंड उघड-मीट, अंगात आल्यासारखं. सिंहाचे आठ भाव मोजतात: हर्ष, राग, दुःख, आनंद, चलन, स्थैर्य, दचकणं आणि संशय. आठात स्थैर्य आहे, हे पोरं विसरतात. कसोटी सोपी आहे. मोबाइलवर चित्रण करा, आवाज बंद करा आणि तिसऱ्याला दाखवा. सिंहाला आत्ता काय वाटतंय हे त्याला सांगता आलं नाही, तर निम्म्या हालचाली काढून टाका.

ढोलवाला सिंहाकडे बघतोय ना?

ढोल-ताशा पथकातून आलेल्याला, म्हणजे मला, हे सगळ्यात जड गेलं. आपल्याकडे ठेका वाजतो आणि मिरवणूक त्याच्यावर चालते. इथे ढोल सिंहाच्या मागे चालतो. सिंह दबकला की काठ्या ढोलाच्या कडेवर, सिंह उसळला की मधोमध. फोशानचा तीन-ताऱ्यांचा आणि हशानचा सात-ताऱ्यांचा, असे ठेके ठरलेले आहेत, पण ते कधी बदलायचे हे सिंहाचं डोकं सांगतं. म्हणून ढोल अशा जागी ठेवा जिथून डोकं दिसेल. दुकानाच्या दारात गर्दीमुळे तो नेमका खांबाआड जातो, आणि सिंह तीन नमस्कार घालत असताना ढोल लढाईचा वाजत असतो. झांजावाल्यांनी ढोलाकडे बघायचं, सिंहाकडे नाही. दोघांनीही सिंहाकडे बघितलं की दोन ताल होतात.

लेट्यूसची गोष्ट

सिंहाने हिरवा पाला तोडून खाणं, म्हणजे छाय-छिंग, हा नाचाचा गाभा. लेट्यूस टांगतात, कारण लेट्यूसचा 'संग-छाय' हा शब्द चिनीत 'धन वाढणे' असाही ऐकू येतो. सोबत लाल पाकीट, इथे त्याला आंगपाव म्हणतात.

माझ्या पहिल्या वर्षी एका हार्डवेअरच्या दुकानात आमच्या पुढच्याने पाला धरला, चावण्याचा ढोल सुरू झाला, तोंड उघडलं आणि पानं भिरकावली. पाकीटासकट. ते उडून छताच्या पंख्यावर बसलं. मालक हसले, त्यांच्या वडिलांनी तोंड फिरवलं. मग शिडी आणली आणि सिंह खाली वाट बघत बसला.

क्रम पाठ करा: पाला आत घेतला की पाकीट आधी काढून शर्टाच्या आत, मग दोरा सोडवून बाजूला, मग पानं फाडायची आणि मग उडवायची. उडवायची ती वर, लोकांच्या तोंडावर नाही. पाला कसा बांधलाय ते नाच सुरू व्हायच्या आधी जाऊन बघा. हौशी यजमान नायलॉनच्या दोरीने सात गाठी मारतात.

त्याहून सूक्ष्म चूक म्हणजे घाई. पाला दिसला की सिंह थेट तोंड घालतो. अरे, तो जनावर आहे! त्याने लांबून वास घ्यायला हवा, पंजाने चाचपून दचकून मागे यायला हवं, पुन्हा जायला हवं. आधीचा संशय नसेल तर खाण्याला चव नाही. संत्री किंवा पोमेलो (पपनस) सोलायचे असतील तर आणखी सावकाश. इथे काही सिंह सोललेल्या फळांतून आकडे मांडून ठेवतात आणि ढोल थांबायच्या आत दोन काका लॉटरीचं तिकीट घ्यायला निघालेले असतात.

रीत चुकली की माफी नाही

नव्या सिंहाचे डोळे उघडतात, लाल शेंदरी रंगाचा कुंचला लावून. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटी होते, ते आठवा. पाहुणा डोळे, नाक, कान, शिंग असं टिपत जातो. कुंचला निथळून द्या, नाहीतर सिंहाच्या डोळ्यातून लाल ओघळ येतो आणि फोटोत तो रडतो. टिपून होईपर्यंत सिंह झोपलेला हवा. शेवटचा ठिपका पडताच टुणकन उडी मारू नका. आधी एक पापणी, मग कान, मग जांभई.

दुसरा सिंह समोर आला तर डोकं खाली घेऊन नमस्कार करा. आपलं डोकं त्याच्या वर नेणं म्हणजे आव्हान, आणि पूर्वी त्यावरून खऱ्या हाणामाऱ्या होत. मंदिरातून निघताना देवाकडे शेपूट करायची नाही, मागे मागे सरकत यायचं, आणि तेव्हा पायरी कुठे आहे हे शेपटीवाल्याने येतानाच मोजलेलं बरं. जमिनीवर ठेवलेल्या डोक्यावरून ओलांडून जाऊ नका. बायकांनी सिंहाला हात लावायचा नाही ही रीतही होती. ती गेली, बरं झालं. आमच्या पथकातली सगळ्यात पक्की शेपटी एक मुलगी आहे.

ड्रॅगन फळीसारखा का दिसतो?

स्पर्धेतला ड्रॅगन साधारण १८ मीटर, नऊ काठ्या, नऊ माणसं आणि पुढे काठीवरचा मोती घेऊन पळणारा दहावा. लेझीममध्ये सगळ्यांनी एकदम वळायचं असतं, इथे उलट. पुढच्याने केलं ते तुम्ही क्षणभर उशिरा, त्याच जागी, त्याच उंचीवर करायचं. नवखे डोक्याकडे बघतात, त्याच्याबरोबरच काठी वर नेतात आणि लाट मरते. फक्त पुढच्या काठीकडे बघा. वळणावर कोपरा कापून जवळच्या वाटेने जाऊ नका. कापड ढिलं पडतं आणि मागच्यांना हिसका बसतो. डोकं जरा वळलं तरी शेपटीला मोठा फेरा पळावा लागतो, म्हणून आमच्याकडे सगळ्यात दमदार गडी शेवटच्या काठीवर.

कापड काठीला गुंडाळलं जात असेल तर काठी हातात फिरवायला कुणीतरी विसरतंय. इंग्रजी आठाच्या आकड्यात दिशा बदलली की काठीही फिरली पाहिजे. आणि डोकेवाल्याने प्रेक्षकांकडे बघून हसू नये. ड्रॅगन मोत्याच्या मागे आहे, मीटरभर अंतरावरून. मोती थांबला की सगळं थांबलं.

गाठ पडलीच तर? ओरडू नका. मोतीवाल्याने जागच्या जागी फेर धरायचा, डोक्याने त्याच्याभोवती वेटोळं घालायचं, सगळ्यांनी आत यायचं. प्रेक्षकांना वाटतं ड्रॅगन विसावलाय. आतल्या आत चुकलेली काठी खालून परत घ्यायची आणि वेटोळं उलगडायचं. आम्ही हे इतक्या वेळा केलंय की आता कार्यक्रमातच घातलंय.

नाच संपल्यावर

डोकं घामाने ओलं असतं. तसंच पिशवीत कोंबू नका, इथल्या दमट हवेत आठवड्यात बुरशी धरते. सावलीत, पंख्याखाली, तोंड उघडं ठेवून वाळवा आणि मगच लोकर विंचरा. ओली विंचरली तर उपटून येते. डोळ्यांत दिवे असतील तर सेल काढून ठेवा. गेल्या वर्षी आम्ही विसरलो. ऑक्टोबरमध्ये पेटी उघडली तर सेल पाझरून आमच्या लाल सिंहाच्या डाव्या डोळ्याला हिरवट कीट चढलेलं. लिंबाचा रस लावलेल्या कापसाच्या काडीने ते तासभर खरवडलं, तार नवी जोडली, तरी तो डोळा अजून उजव्यापेक्षा जरा मंद लागतो. पोरं म्हणतात, डोळा मारतोय.