जायबंदी खेळाडूला बाद फेरीत किती मिनिटे खेळवावे? या चुका टाळा

एनबीए या अमेरिकेतील बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांपर्यंत झुंजावे लागते, तरी दोन सामन्यांच्या मध्ये बहुधा एखादा दिवस विश्रांती मिळते. जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या मैदानांवर साखळी सामन्यांपासून अंतिम सामन्यापर्यंत सारे अनेकदा दोन-तीन दिवसांत आटोपते. त्यामुळे दुखऱ्या पायाच्या खेळाडूचा प्रश्न आपल्या प्रशिक्षकांपुढे अधिक बिकट होऊन येतो.

सर्वांत घातक समजूत अशी की, मिनिटे कमी केली म्हणजे खेळाडू सुरक्षित झाला. २०१९ मध्ये पोटरीच्या दुखापतीनंतर महिनाभराने परतलेला केव्हिन ड्युरँट अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात सुमारे बारा मिनिटेच खेळला आणि त्याचा अकिलीस टेंडन (पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायुबंध) तुटला. २०२५ च्या अंतिम मालिकेत पोटरी दुखावलेल्या टायरीस हॅलिबर्टनला सहाव्या सामन्यात साधारण तेवीस मिनिटांवर रोखले होते. सातव्या सामन्याच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये (सामन्याच्या चौथ्या हिश्शात) त्याच्यावरही तीच वेळ आली. मर्यादेमुळे थकवा आवरतो, पण झेप घेताना एका पावलावर येणारा ताण तिने कमी होत नाही. म्हणून मिनिटे ठरवण्याआधी खेळाडूला एका पायावर टाच उचलायला, उड्या मारायला आणि वेगात धावून एकदम थांबायला लावावे व दोन्ही पायांची तुलना करावी. दुखरा पाय स्पष्टपणे मागे पडत असेल, तर त्याला उतरवूच नये. वेदनाशामक गोळी घेऊन ही चाचणी देणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय.

दुसरी चूक बेरजेची आहे. चाळीस मिनिटांच्या सामन्यात वीस मिनिटे ठरवून ती सलग वापरणे आणि चार-पाच मिनिटांच्या तुकड्यांत वापरणे यांत मोठा फरक आहे. त्यातच प्रशिक्षक अखेरच्या क्वार्टरसाठी खेळाडूला राखून ठेवतात. तो बराच वेळ बाकावर बसून आखडतो आणि मग थेट सर्वांत वेगवान खेळात उतरतो. प्रत्येक वेळी मैदानात पाठवण्यापूर्वी त्याला कडेला पुन्हा वॉर्मअप करू द्यावा. २०२४ मध्ये बॉस्टनने दीर्घ दुखापतीनंतर परतलेल्या क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात बाकावरून उतरवले आणि त्याने एकवीस मिनिटांत वीस गुण केले. सुरुवातीच्या पाचांत नसणे म्हणजे अपमान नव्हे, हे आपल्याकडच्या खेळाडूंना आणि पालकांनाही समजावून सांगायला हवे.

जिंकलेल्या सामन्यात खेळाडूला मैदानावर ठेवणे तर अक्षम्यच आहे. २०१२ च्या हंगामात वारंवार दुखापती झालेला शिकागोचा डेरिक रोझ प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात, संघ बारा गुणांनी पुढे आणि दीड मिनिटाहून कमी वेळ उरलेला असताना, गुडघ्याचे लिगामेंट फाटून कोसळला. पुढचा संपूर्ण हंगाम त्याने गमावला.

मर्यादा सामन्याआधी कागदावर लिहावी आणि घड्याळ सहायकाच्या हाती द्यावे, कारण दोन गुणांनी मागे असताना मुख्य प्रशिक्षकाला ती आठवत नाही. सकाळच्या सरावाची मिनिटेही त्यात धरावीत. मे महिन्यातल्या खान्देशात सिमेंटचे मैदान संध्याकाळीही तापलेले असते आणि थकवा लवकर येतो. दुसऱ्या दिवशीच्या सामन्याची मिनिटे मात्र आदल्या रात्री ठरवू नयेत. सकाळी सूज वाढली आहे का आणि खेळाडू जिना न लंगडता उतरतो का, हे पाहूनच तो आकडा लिहावा.