भिंतीत ड्रिल मारताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक ड्रिल हातात घेण्याआधीच होते. आपण हार्डवेअरच्या दुकानात जातो, "आठचा बिट, आठची गिट्टी आणि दोन इंची स्क्रू द्या" म्हणतो (गिट्टी म्हणजे स्क्रू धरायला भोकात बसवायची प्लास्टिकची नळी), आणि घरी आल्यावर पहिलं भोक पाडताना कळतं की भिंत कसली आहे. क्रम उलटा हवा. आधी भिंत ओळखायची. ती काय धरून ठेवेल यावरून गिट्टी किंवा फास्टनर (भोकात फुगून बसणारा लोखंडी बोल्ट) ठरवायचा. बिट त्याच्या मापाचा घ्यायचा आणि स्क्रू सगळ्यात शेवटी.

नाशिकमध्ये हे जरा जास्तच लागू पडतं, कारण एकाच शहरात भिंतींचे चार-पाच प्रकार सापडतात. पंचवटी आणि जुन्या नाशिकच्या वाड्यांत जोतं काळ्या दगडाचं, वर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये मातीत रचलेल्या विटा. सिडको, इंदिरानगरच्या जुन्या घरांत बहुतेक सिमेंटमध्ये बांधलेली लाल वीट. एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र असल्यामुळे राखेच्या विटाही इथे नवलाच्या नाहीत. गंगापूर रोड किंवा पाथर्डी फाट्याकडच्या नव्या इमारतींत हलके एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेले सिमेंटचे ठोकळे, भेटतात. आणि प्लास्टर, पुट्टी, रंग झाला की या सगळ्या भिंती बाहेरून सारख्याच दिसतात!

भुकटी न बघता भोक पाडत राहणं

पहिलं भोक ५ किंवा ६ मिमीच्या बिटाने, हॅमर (ठोके मारण्याची सोय) बंद ठेवून मारा. जागा अशी निवडा की नंतर ती पट्टीखाली झाकली जाईल. खाली पांढरा कागद चिकटवला की काम सोपं होतं. आधी पुट्टीची पांढरी धूळ येते, मग प्लास्टरची करडी, वाळूसारखी खरखरीत. आतलं प्लास्टर साधारण १२ ते २० मिमी असतं. त्यानंतर रंग बदलतो, तिथे लक्ष द्या.

लाल भुकटी येतेय आणि बिट एकसारख्या गतीने आत जातोय, म्हणजे भाजलेली वीट. छान, तिथेच काम करा. लाल येता येता पुन्हा करडी वाळू आली आणि बिट एकदम आत गेला, तर तुम्ही दोन विटांमधल्या सांध्यात आहात. आपल्याकडची वीट साधारण ३ इंच उंच आणि सांधा सेंटीमीटरभराचा असतो, त्यामुळे दीड-पावणेदोन इंच वर किंवा खाली सरकलात की विटेच्या मधोमध येता. वाड्याच्या भिंतीत हे फार महत्त्वाचं, कारण तिथे सांध्यात माती आहे आणि माती कुठलीच गिट्टी धरत नाही. खरं तर वाड्यात जड वस्तू विटेला लावूच नये. लाकडी खांब शोधावा आणि सरळ त्यात स्क्रू घ्यावा.

पांढुरकी, मऊ भुकटी आणि बिट जोर न लावताच आत, म्हणजे एएसी ब्लॉक. करडी भुकटी पण गती विटेसारखी, म्हणजे राखेची वीट. पिठासारखी बारीक करडी धूळ, बिट जागच्या जागी फिरतोय, टोक तापतंय, म्हणजे काँक्रीट. तिथे जोर वाढवून उपयोग नाही. काळ्या दगडाचं जोतं असेल तर तो आपला बेसॉल्ट. काळाराम मंदिर ज्या जातीच्या पाषाणात उभं आहे त्याच जातीचा. साध्या ड्रिलने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पडद्याच्या रॉडपाशी अडकणं

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते: "खोलीत सगळीकडे ड्रिल जातं, खिडकीवरच जात नाही. मशीन खराब आहे का?" मशीन ठीक आहे. खिडकी-दाराच्या वर काँक्रीटचं लिंटल, म्हणजे आडवी तुळई असते, आणि ती दोन्ही बाजूंना खिडकीच्या पलीकडे काही इंच भिंतीत गेलेली असते. पडद्याचे ब्रॅकेट नेमके तिथेच येतात.

उपाय दोन. एक, रॉड थोडा लांब घेऊन ब्रॅकेट बाजूला विटेत न्या, किंवा तसाच वर सरकवा. दोन, रोटरी हॅमर आणा. साधं इम्पॅक्ट ड्रिल बिटाला बारीक ठोके देतं, तेवढे विटेला पुरतात. रोटरी हॅमरमध्ये आतला दट्ट्या ठोके मारतो, म्हणून काँक्रीटमध्ये तोच चालतो. त्याला दांड्यावर खाचा असलेला एसडीएस बिट लागतो, गोल दांड्याचा साधा बिट त्यात बसत नाही. एका खिडकीसाठी मशीन विकत घेण्यापेक्षा दिवसाच्या भाड्याने आणलेलं किंवा इलेक्ट्रिशियनला बोलावलेलं परवडतं, असं माझं मत.

काँक्रीटमध्ये बिट मध्येच कर्कश आवाज करून अडला आणि चकचकीत लोखंडी कीस दिसला, तर सळई लागली. थांबा. बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडची टिकली असते. ती दगडासाठी आहे, लोखंडाला लागली की तिचे कंगोरे उडतात. सळई कापायची तर मुळीच नाही, कारण ती इमारतीचा भार वाहते. दोन इंच सरका आणि जुनं भोक सिमेंट किंवा इपॉक्सीने बुजवा. आणि तापलेला बिट पाण्यात बुडवू नका. कार्बाइडला तडा जातो आणि पुढच्या भोकाला टिकली निघून येते. हवेत थंड होऊ द्या.

हॅमर सदैव चालू ठेवणं

मशीनवर हातोडीचं चित्र आणि नुसत्या बिटाचं चित्र असतं. बहुतेकांचं मशीन जन्मभर हातोडीवरच असतं. भाजलेल्या घट्ट विटेला ठीक आहे. एएसी ब्लॉक, पोकळ वीट आणि टाइल्स, इथे हॅमर बंदच हवा. एएसीचं वजन घनमीटरला साधारण ५५० ते ६५० किलो, तर भाजलेल्या विटेचं १६०० च्या वर. इतक्या हलक्या, बुडबुड्यांनी भरलेल्या वस्तूवर ठोके मारले की भोक ८ मिमीचं न राहता ९-१० चं होतं आणि गिट्टी त्यात नुसती फिरते. मुळात ८ मिमीचा मेसनरी बिट ८ पेक्षा किंचित जाडच असतो, हेही लक्षात ठेवा. मऊ भिंतीत म्हणून एक मिमी कमी मापाचा बिट वापरलेला चांगला.

टाइल्ससाठी भाल्यासारख्या टोकाचा टाइल बिट, खाली मास्किंग टेप आणि कमी गती. टाइल पार झाली की मग मेसनरी बिट लावा.

गिट्टी प्लास्टरमध्येच ठेवणं

हिशेब एकदा नीट करून बघू. लाकडी देव्हारा लावायचाय. मागची लोखंडी पट्टी ३ मिमी, प्लास्टर १५ मिमी, ८ मिमीची गिट्टी ४० मिमी लांब. गिट्टी प्लास्टर ओलांडून पूर्ण विटेत बसायला हवी, म्हणजे भोक ६५ मिमी खोल: १५ प्लास्टर, ४० गिट्टी, १० उरलेल्या धुळीला. स्क्रू किती? पट्टी ३, प्लास्टर १५, गिट्टी ४०, आणि टोक गिट्टीच्या बाहेर थोडं यावं म्हणून ५. बेरीज ६३, म्हणजे अडीच इंची. जाडी १० नंबर, साधारण ४.८ मिमी. दुकानातला दीड इंची ६ नंबर स्क्रू इथे घातला तर तो गिट्टीच्या निम्म्यापर्यंतच पोचतो, तिला फुगवतही नाही. देव्हारा महिनाभर नीट राहतो आणि मग एका दसऱ्याला समईसकट पुढे झुकतो.

खोली मोजायला बिटावर इन्सुलेशन टेपचा वेढा द्या. चार इंची भिंत असेल तर हे आवश्यकच, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या प्लास्टरची खपली पडते. भोकातली धूळ ब्रशने आणि हवेच्या पंपाने काढा. तोंडाने फुंकू नका, डोळ्यात जाते. गिट्टी हलक्या हातोडीने बसवा, पण स्क्रू कधीच ठोकू नका. त्याचे आटे गिट्टीच्या आतल्या बाजूला चिरत जातात. काळे जिप्सम स्क्रूही इथे नकोत. ते कडक पण ठिसूळ असतात, वजन आलं की डोकं तुटतं. बाथरूम आणि बाल्कनीत स्टेनलेस.

विटेत लोखंडी फास्टनर आवळणं

काँक्रीटमध्ये उत्तम चालणारा अँकर फास्टनर विटेत दगा देतो. नट आवळला की त्याची कॉलर बाजूंना दाबते. काँक्रीट तो दाब सोसतं, पण वीट, त्यातही कडेजवळ, चिरते. लक्षण ओळखीचं आहे: नट आवळत राहता, फास्टनर घट्ट होत नाही, नुसता बाहेर सरकत येतो. अजून आवळणं हा उपाय नाही. नऊ इंची विटेच्या भिंतीला जड ब्रॅकेटसाठी १० मिमीची लांब नायलॉन गिट्टी आणि कोच स्क्रू (पान्याने आवळायचा जाड स्क्रू) घ्या. पोकळ विटेत केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरून घट्ट होणाऱ्या केमिकलमध्ये बसवायचा दांडा, तोही जाळीच्या नळीसकट. केमिकल भरण्याआधी भोक ब्रश-हवा-ब्रश-हवा असं साफ नसेल तर ते विटेला नाही, धुळीला चिकटतं.

गिझरचं गणित वेगळं लक्षात घ्या. २५ लिटरच्या टाकीत २५ किलो नुसतं पाणी, वर टाकीचं वजन. एएसीच्या चार इंची भिंतीवर तो साध्या गिट्ट्यांवर टांगू नका. भिंतीच्या आरपार बोल्ट आणि पलीकडे पट्टी, किंवा एएसीसाठीचे खास अँकर.

भोक सैल झालं तर

काडेपेटीच्या काड्या, कागद, पांढरं सिमेंट. घरोघरी हेच कोंबलेलं असतं, आणि कॅलेंडरपुरतं चालतंही. वजन असेल तर भोक गोल आहे का ते पाहा. गोल असेल तर एक माप मोठी गिट्टी. कडा ढासळल्या असतील तर धूळ काढून इपॉक्सी भरा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत हात लावू नका, किंवा ती जागा सोडून तीन इंच बाजूला नवं भोक. पीओपी आणि पुट्टी भोक झाकतात, धरत काहीच नाहीत.

बाकी, स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळांच्या रेषेत ड्रिल मारू नका, त्या खोलीचा एमसीबी पाडून ठेवा, चष्मा आणि मास्क लावा. आणि झोपाळ्याची कडी गिट्टीने किंवा एका फास्टनरने स्लॅबला लावायला कुणी सांगत असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. डोक्यावर हलणारं वजन आहे ते, इमारतीच्या इंजिनिअरला विचारूनच लावायचं.