मोठ्या दुकानसाखळीत सर्वांना सामावून घ्यायचे असेल, तर सुरुवात ड्युटी चार्टपासून

शेकडो दुकाने असलेल्या कंपनीचे समावेशक धोरण मुख्य कार्यालयात लिहिले जाते. पण कोणाला संध्याकाळची पाळी मिळाली, कोणाला सणाच्या दिवशी सुट्टी नाकारली गेली आणि कोणाला सदैव गोदामातच ठेवले गेले, हे त्या त्या दुकानाचा मॅनेजर रविवारी रात्री ड्युटी चार्ट भरताना ठरवत असतो. काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीच्या दृष्टीने कंपनी म्हणजे तो एक मॅनेजर. काही वर्षे मनुष्यबळ विभागात काम केल्यानंतर माझे असे मत झाले आहे की धोरणाचा मसुदा सुधारण्यात महिने घालवण्यापेक्षा आधी चार-पाच दुकानांचे मागील तीन महिन्यांचे चार्ट मागवून ते बारकाईने वाचावेत.

वाचण्याआधी मोजदाद करावी, आणि ती एकगठ्ठा करू नये. ‘आमच्याकडे इतके टक्के महिला’ हा आकडा वार्षिक अहवालात शोभतो, कामाला येत नाही. प्रत्येक पदावर कोण आहे ते वेगळे मांडावे: बिलिंग, फ्लोअर, माल उतरवून घेणारे, विभागप्रमुख, स्टोअर मॅनेजर. त्याचबरोबर कोण कोणाच्या पगारपत्रकावर आहे हेही लिहावे, कारण दुकानात दिसणाऱ्या माणसांपैकी सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी बहुधा कंत्राटदाराचे, तर शॅम्पू किंवा चहाच्या रॅकजवळ उभे असलेले प्रमोटर त्या त्या ब्रँडचे असतात. ही मंडळी मोजणीतून वगळली की सर्वांत कमी पगाराची आणि सर्वांत कमी संरक्षणाची माणसेच हिशेबाबाहेर राहतात. अशी मांडणी केल्यावर स्त्रिया नेमक्या कोणत्या पायरीवर थांबतात ते दिसते. माझ्या अनुभवात ती पायरी विभागप्रमुख ते स्टोअर मॅनेजर अशी असते, आणि तिचे कारण कर्तबगारीत नसून रात्रीच्या क्लोजिंगमध्ये (कॅश जुळवून दुकान बंद करण्याच्या कामात) आणि अचानक होणाऱ्या बदलीत असते.

भरतीकडे वळू. दुकानांतील बरीच भरती ओळखीतून होते. एक मुलगा लागला की त्याच्या गल्लीतले आणखी चौघे येतात. यात वाईट काही नाही, मात्र सगळी माणसे एकाच वस्तीतली आणि एकाच समाजातली होतात. जाहिरातीतून ‘प्रेझेंटेबल’, ‘स्मार्ट’ असे शब्द काढून टाकावेत, कारण त्यांचा अर्थ मुलाखत घेणाऱ्याच्या डोळ्यात असतो. मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून द्यावेत आणि तेवढेच विचारायला सांगावेत. ‘आडनाव काय? मूळ गाव कुठलं? म्हणजे नक्की कुठल्या वाडीतले?’ ही विचारपूस आपल्याकडे आपुलकीची समजली जाते. समोर बसलेल्या उमेदवाराला तिचा रोख पुरता कळत असतो. लग्न कधी करणार, मूल कोण सांभाळतं, हे प्रश्नही त्याच जातकुळीचे. त्याऐवजी काम करून दाखवायला सांगावे: विस्कटलेला रॅक लावणे, परत आलेल्या मालाबद्दल चिडलेल्या ग्राहकाशी बोलणे, मोड हिशेबाने परत देणे. वीस मिनिटांत माणूस कळतो.

आता खुर्ची. ही बाब किरकोळ वाटेल, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. केरळमध्ये कोळिकोडच्या मिठाई तेरुवु या बाजारपेठेतील कापड दुकानांत काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर बसू दिले जात नसे आणि शौचालयाची सोयही नसे. पी. विजी यांच्या पुढाकाराने ‘पेनकूट्ट’ या संघटनेने या प्रश्नावर आंदोलन केले. केरळने २०१८ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली, तर तमिळनाडूने २०२१ मध्ये तशीच तरतूद केली. आपल्या दुकानात प्रत्येक बिलिंग काउंटरमागे उंच स्टूल ठेवावे आणि त्यावर बसलेल्या व्यक्तीला कोणी टोकणार नाही, हे फ्लोअर सुपरवायझरला लेखी कळवावे. एका दुकानात मी स्टुले पाठवली होती. महिन्याभराने गेलो तर त्यांच्यावर बिलाच्या रोलचे खोके रचलेले आढळले. बसायला मनाई कोणी केली नव्हती, पण ‘बसलेलं दिसलं तर काम नाही असं वाटतं’ एवढे एक वाक्य पुरले होते. खुर्चीमुळे गरोदर स्त्री, पाठदुखीचा माणूस, पायात कॅलिपर असलेली मुलगी, पन्नाशी ओलांडलेला कॅशिअर अशा सर्वांची सोय होते, आणि कोणाला स्वतःची अडचण जाहीर सांगावी लागत नाही.

दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या बाबतीत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नोंदवले आहेत, आणि समान संधी धोरण जाहीर करण्याचे बंधन खासगी आस्थापनांवरही आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असतील, तर कोणती पदे योग्य आहेत, कोणत्या सोयी दिल्या जातील आणि संपर्क अधिकारी कोण, हे त्या धोरणात लिहावे लागते. हे कागद तयार करणे अवघड नाही. खरी चूक कामाच्या ओघात होते. आम्ही एका दुकानात दोन कर्णबधिर मुलांना बिलिंगवर घेतले. काउंटरवर ग्राहकाकडे तोंड केलेला पडदा होता, ‘मला ऐकू येत नाही, कृपया बोटाने दाखवा’ अशी पाटी होती, आणि ग्राहकांनी काही त्रास दिला नाही. अडचण आली ती सकाळच्या दहा मिनिटांच्या बैठकीत. ऑफर बदलल्या, एका वस्तूची किंमत सिस्टिममध्ये चुकली आहे, आज अमुक कूपन घ्यायचे नाही, हे सगळे तोंडी सांगितले जात होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या काउंटरवर चुकीची बिले निघाली आणि ठपका त्यांच्यावर आला. उपाय म्हणजे एक पांढरा फळा: बैठकीत जे बोलायचे ते आधी त्यावर लिहायचे. गंमत म्हणजे उशिरा येणाऱ्या पाळीलाही त्याचाच सर्वाधिक उपयोग झाला. आगीच्या भोंग्याबरोबर उघडझाप करणारा दिवा बसवायला मात्र आम्हाला पुढे बराच काळ लागला. तो पहिल्याच दिवशी बसवावा, स्वच्छतागृहातसुद्धा.

रात्रीच्या पाळीबाबत महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो की रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असल्यास सुरक्षेची व वाहतुकीची व्यवस्था मालकाने करायची असते. दुकान १० वाजता बंद झाले तरी कॅश जुळवून शटर ओढेपर्यंत पावणेअकरा होतात, हे लक्षात ठेवून गाडीची वेळ ठरवावी. येथे एक सोपी पळवाट असते: सगळ्या स्त्रियांना सकाळची पाळी देऊन मोकळे होणे. ती टाळावी. विक्री संध्याकाळी होते, इन्सेन्टिव्ह संध्याकाळी मिळतो आणि क्लोजिंग न केलेल्या व्यक्तीला बढतीच्या वेळी ‘अनुभव कमी’ असे ऐकावे लागते. क्लोजिंगची जबाबदारी दोघांमध्ये वाटून, आठवड्यातून दोनच दिवस आणि महिनाभर आधी कळवून दिली, तर नकार देणाऱ्या अनेक जणी तयार होतात.

तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत भेदभावापासून संरक्षण देणारा २०१९ चा कायदा प्रत्येक आस्थापनेला एक तक्रार अधिकारी नेमायला सांगतो. नेमणुकीबरोबर तीन प्रश्नांची उत्तरे रुजू होण्याच्या आधी तयार असावीत: गणवेश कोणता, स्वच्छतागृह कोणते, आणि कर्मचारी दारातून बाहेर पडताना होणारी झडती कोण घेणार. तिसरा प्रश्न मुख्य कार्यालयातील कोणालाच सुचत नाही, कारण तेथे झडती होत नाही. उत्तर त्या व्यक्तीलाच खासगीत विचारून ठरवावे आणि सुरक्षा कंत्राटदाराला लेखी द्यावे. शक्य असेल तेथे झडतीऐवजी सर्वांनाच पारदर्शक पिशवी द्यावी. अनेक स्त्री कर्मचारीही त्यासाठी दुवा देतील. छातीवरच्या बिल्ल्यावर ती व्यक्ती सांगेल तेच नाव असावे.

सणांच्या सुट्ट्यांची आखणी जानेवारीतच करावी. दसरा-दिवाळीत कोणालाच रजा मिळत नाही, हे या धंद्यात सर्वांना मान्य असते. मात्र ईद, नाताळ, १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर या दिवशीही ‘माणसं कमी आहेत’ असे ऐकू आले की दुखते. प्रत्येकाने आपले दोन दिवस आधी नोंदवावेत आणि आपसात अदलाबदल करावी. डबा खाण्याच्या खोलीत कोणी काय खावे याचे नियम करू नयेत, फक्त टेबल पुसून ठेवण्याचा करावा.

तक्रारींबाबत एवढेच सांगतो की लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार (२०१३) दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला अंतर्गत समिती लागते, आणि कार्यालये वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर समित्याही ठिकठिकाणी लागतात. कंत्राटी सफाई कर्मचारी आणि प्रमोटर मुलीसुद्धा या समितीकडे येऊ शकतात, हे फलकावर स्पष्ट मराठीत लिहावे. कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या लोकांपासून संरक्षण देणे हेही मालकाचेच कर्तव्य आहे. त्यामुळे ग्राहक अंगचटीला आला किंवा जातीवरून बोलला, तर मॅनेजरने पुढे होऊन ‘आपलं बिल मी करतो, यांच्याशी असं बोलता येणार नाही’ हे वाक्य उच्चारायचे, असे प्रशिक्षणात प्रत्यक्ष म्हणून घ्यावे. पहिल्यांदा ते घशातच अडकते.

दर तिमाहीला एकच यादी मागवावी: रुजू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत नोकरी सोडून गेलेल्यांची, दुकान आणि पाळीसह. त्यांना फोन मात्र त्या दुकानाच्या मॅनेजरने करू नये.