घरी सॉसेज रोल कसे करावे: नागपूरच्या हवेत पापुद्रे सुटण्यासाठी

सॉसेज रोल म्हणजे मैद्याच्या पापुद्र्यांत गुंडाळून भाजलेला खिमा. बेकरीतलं चिकन पॅटिस आवडणाऱ्याला हा प्रकार परका वाटणार नाही. पॅटिसमध्ये सारण आधी शिजवून भरतात, इथे मात्र खिमा कच्चाच भरायचा आणि तो आतल्या आत, आपल्याच रसात शिजू द्यायचा. ब्रिटनमध्ये हे रोल बेकऱ्यांत रोज मिळतात आणि नाताळात घरोघरी होतात. तिथल्या थंड स्वयंपाकघरात बटर तासभर ओट्यावर पडून राहिलं तरी बिघडत नाही. आपल्याकडे 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि बटर साधारण 32 ते 35 अंशांतच वितळतं. नागपुरात हा पदार्थ जमतो की फसतो, ते जवळपास सगळं बटर थंड ठेवण्यावर आहे.

म्हणून आधी वेळ निवडा. डिसेंबर-जानेवारी उत्तम. उन्हाळ्यात हौस आलीच तर पहाटे उठून पारी लाटून घ्या, किंवा पोळपाट-लाटणं घेऊन सरळ एसीच्या खोलीत बसा. कूलरसमोर बसू नका. त्याच्या दमट हवेने पारी चिकट होते, मग मैदा भुरभुरत बसावं लागतं आणि पारी कडक होते. आणि नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) हा उद्योग करूच नये.

साहित्य (16 रोलसाठी)

पारीसाठी: मैदा 200 ग्रॅम, बटर 150 ग्रॅम, बर्फाचं पाणी 80 ते 90 मिली, लिंबाचा रस 1 लहान चमचा. आपलं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं, त्यामुळे पारीत वेगळं मीठ नको.

सारणासाठी: चिकन खिमा 500 ग्रॅम, शिळ्या ब्रेडचा चुरा 40 ग्रॅम, दूध 3 मोठे चमचे, एक मध्यम कांदा, आलं-लसूण वाटण 1 मोठा चमचा, 2 हिरव्या मिरच्या, मूठभर सांबार (कोथिंबीर), जाडसर मिरपूड 1 लहान चमचा, चिमूटभर ओवा, थोडं किसलेलं जायफळ, मीठ सव्वा लहान चमचा (सुमारे 7 ग्रॅम). वरून लावायला एक अंडं.

पारी

बटरचे बोराएवढे तुकडे करून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. मैदाही त्यांच्यासोबत ठेवला तर अधिक चांगलं. परातीत मैदा घेऊन त्यात तुकडे टाका आणि फक्त बोटांच्या टोकांनी हलवा. प्रत्येक तुकड्याला मैदा लागला पाहिजे, पण तुकडा मोडता कामा नये. शंकरपाळ्यासाठी मोहन चोळायची सवय असलेल्या हाताला इथे आवरावं लागतं. बटर मैद्यात मुरलं तर पारी बिस्किटासारखी खुसखुशीत होईल, पण पापुद्रे सुटणार नाहीत. बटरचे तुकडे लाटताना चपटे होऊन पिठाच्या थरांमध्ये पसरतात. भट्टीत गेल्यावर आतल्या पाण्याची वाफ होते, ती थर वर उचलते आणि मधल्या बटरमुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. पारी फुगण्यामागचं गुपित एवढंच. यात ना यीस्ट, ना सोडा.

आता लिंबाचा रस घातलेलं बर्फाचं पाणी थोडं थोडं शिंपडत पीठ गोळा करा. मळायचं नाही, नुसतं दाबून चौकोनी लादी करायची. लादी खडबडीत दिसेल, कुठे पिवळे ठिपके, कुठे कोरडा मैदा. दिसू द्या. प्लास्टिकमध्ये गुंडाळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.

मग लाटा: सुमारे 15 सेंटिमीटर रुंद आणि 40 लांब. एका टोकाचा तिसरा हिस्सा मध्ये आणा, दुसऱ्या टोकाचा त्यावर. ही एक घडी. लादी काटकोनात फिरवून पुन्हा तसंच करा. अशा चार घड्या करायच्या. थंडीत दर दोन घड्यांनंतर अर्धा तास फ्रीज पुरतो, मार्चपासून मात्र प्रत्येक घडीनंतर हवा. मध्येच पारी पोळपाटाला चिकटू लागली किंवा बोटाला तेलकट लागली, तर हातातलं लाटणं खाली ठेवा आणि लादी तशीच दहा मिनिटं फ्रीजरमध्ये टाका. जास्त मैदा भुरभुरून ती दुरुस्त होत नाही. चौथ्या घडीनंतर ती मऊ, एकसारखी दिसू लागेल. तिला तासभर विसावू द्या.

बेकरीची खारी भर उन्हाळ्यातही इतकी फुलते कशी, असा प्रश्न पडला असेल, तर तिथे बहुधा पारीसाठीचं खास मार्गारिन (तेलांपासून केलेला बटरसारखा पदार्थ) वापरतात. ते बटरपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला वितळतं, म्हणून गरमीतही हाताळता येतं. पण तेवढ्याचसाठी खाल्ल्यावर टाळूला त्याचा थर बसतो. घरी एवढी खटपट करायची तर बटरच वापरावं, असं माझं ठाम मत आहे. तयार गोठवलेल्या पारीवर काम भागवायचं असेल तर पाकिटावर त्यात बटर आहे की मार्गारिन ते वाचा.

सारण

चिकनवाल्याला नुसतं ‘खिमा द्या’ म्हटलं तर छातीचं मांस जास्त येतं आणि रोल कोरडा होतो. लेगचं बोनलेस काढून त्याचा खिमा करून मागा, थोडी चरबी असू द्या. मटण घेतलं तरी हीच गोष्ट. पोर्क हे या पदार्थाचं मूळ मांस, ते खाणाऱ्यांनी खुशाल घ्यावं.

ब्रेडचा चुरा दुधात भिजवा. खिम्यातून सुटणारा रस तोच धरून ठेवतो, नाहीतर सगळा रस पारीच्या तळाशी जाऊन ती ओली कच्च राहते. कांदा अगदी बारीक चिरून थोड्या तेलावर परता आणि पूर्ण गार करा. ओवा चोळून घाला. ब्रिटिश सारणात थाइम नावाचा पाला असतो, आणि त्याचा वास ज्या थायमॉलमुळे येतो तेच आपल्या ओव्यातही असतं. त्यामुळे पाल्यासाठी धरमपेठ पालथं घालायची गरज नाही. सगळं एकत्र करून थंड खिमा दोन-तीन मिनिटं हाताने मळा. मिठामुळे तो चिकट होऊन हाताला ओढ देऊ लागला की झालं. चव पाहायची तर लहानशी टिक्की तव्यावर भाजून खा, कच्चा खिमा चाखू नका.

सावजी मसाला घालायचा मोह नागपुरात कुणाला होणार नाही? अर्धा लहान चमचा घाला, त्याहून जास्त नको. सावजीची खरी मजा तर्रीत आहे, आणि तर्री या पारीची वैरी. आणि नागपूर म्हणून सारणात संत्र्याची साल किसून घालणाऱ्यांना नमस्कार. संत्रं जेवणानंतर खावं.

भरणं आणि भाजणं

ओटीजी (घरगुती विजेची भट्टी) 200 अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापत ठेवा. वरची-खालची दोन्ही कॉइल चालू हवी. पारी साधारण 3 मिलिमीटर जाडीची, 40 बाय 28 सेंटिमीटर लाटा आणि लांबीत दोन पट्ट्या कापा. कडा धारदार सुरीने वरून खाली दाबून छाटा. सुरी पुढेमागे ओढली की थर एकमेकांत दाबले जातात. खिम्याचे दोन भाग करून प्रत्येक पट्टीवर एका बाजूला लांब वळी ठेवा. दुसऱ्या काठाला फेटलेलं अंडं लावून गुंडाळा आणि जोड खाली येईल असं ठेवा. प्रत्येक लांब रोलचे आठ तुकडे करा. वर सुरीने दोन लहान चिरा द्या, म्हणजे वाफेला वाट मिळेल. अंडं फक्त माथ्यावर लावा. कापलेल्या बाजूंवर ओघळलं तर तिथले थर चिकटून बसतात. ट्रेसकट वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग भट्टीत.

मधल्या खणात 25 ते 30 मिनिटं लागतात. ट्रे काठांचा घ्या, बटर थोडं गळतंच. अर्ध्यातून ट्रे फिरवा, कारण बहुतेक ओटीजी एका बाजूने जास्त भाजतात. रंग गडद सोनेरी येऊ द्या. फिक्या रंगावर काढले तर खालची पारी कच्ची असते. थर्मामीटर असेल तर चिकनच्या मधोमध 74 अंश दिसले पाहिजेत. नसेल तर एक रोल मधून कापा. मांस गुलाबी नको आणि रस स्वच्छ हवा. एअर फ्रायरमध्ये 180 अंशांवर सोळा-सतरा मिनिटांनी पाहायला सुरुवात करा. कुकरमध्ये किंवा कढईत मीठ घालून भाजण्याच्या भानगडीत पडू नका, वरून रंग येत नाही.

शाकाहारी घरांसाठी: बारीक चिरलेले मशरूम पाणी पूर्ण आटेपर्यंत परता, त्यात भिजवून पिळलेला सोया चुरा आणि हाच मसाला घाला. वरून अंड्याऐवजी दूध. ब्रिटनमधल्या ग्रेग्ज या बेकरी-साखळीने 2019 साली बिनमांसाचा रोल आणला तेव्हा तिथे मोठी चर्चा झाली होती, तेव्हा बाटवल्याची भीती बाळगू नका.

सोबत मोहरीचा तिखट सॉस किंवा साधं टोमॅटो केचप पुरे. भाजलेले रोल बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात एकच तास. सगळे एकदम लागणार नसतील तर कच्चेच ट्रेवर गोठवून डब्यात भरा, महिनाभर छान राहतात. फ्रीजरमधून काढून तसेच भट्टीत घाला आणि आठ-दहा मिनिटं जास्त द्या. उरलेले भाजके रोल 160 अंशांवर आतपर्यंत कडक गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये पारी चामट होते.