रिपेअर सॉफ्टवेअरला विंडोज चालू देत नाही? डिफेंडर बंद करण्याआधी हे करा

शेजारचे काका लॅपटॉप घेऊन आले. "स्लो झालाय म्हणून पीसी रिपेअरचं सॉफ्टवेअर उतरवलं, तर हा चालूच देत नाही. तेवढा डिफेंडर बंद करून दे." डिफेंडर म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस. मी तो बंद केला नाही. का नाही आणि त्याऐवजी काय केलं, ते क्रमाने सांगतो.

पायरी 1: अडवतंय कोण, ते ओळखा

निळी खिडकी आली आणि त्यात 'विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी' असं लिहिलेलं असेल, तर ते स्मार्टस्क्रीन आहे. ब्राउझरमधून उतरवलेल्या फाइलला विंडोज एक न दिसणारी चिठ्ठी चिकटवतं, ही इंटरनेटवरून आली आहे अशी. फाइल उघडताना ती चिठ्ठी दिसली की स्मार्टस्क्रीन मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतं, ही फाइल आणि तिच्यावर सही करणारी कंपनी ओळखीची आहे का? ओळख नसेल तर निळी खिडकी येते. म्हणजे 'हा व्हायरस आहे' असं ते म्हणत नाही, 'मी याला ओळखत नाही' एवढंच म्हणतं. एखाद्या छोट्या डेव्हलपरच्या चांगल्या प्रोग्रामची कालच आलेली आवृत्तीसुद्धा इथे अडकते.

उजव्या कोपऱ्यात धोका सापडल्याची सूचना आली आणि फाइलच गायब झाली, तर ते काम डिफेंडरचं. विंडोज 11 मध्ये स्मार्ट ॲप कंट्रोल (अनोळखी प्रोग्राम अडवणारी सोय) चालू असेल, तर 'रन एनीवे'चा, म्हणजे तरीही चालवण्याचा, पर्यायही मिळत नाही.

पायरी 2: दिलेलं नाव वाचा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक जण हीच वगळतात. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा आणि प्रोटेक्शन हिस्ट्री बघा. तिथे अडवलेल्या वस्तूचं लांबलचक नाव असतं. त्यातला पहिला शब्द बघायचा.

'पीयूए' असेल तर अर्थ: कदाचित नको असलेला प्रोग्राम. काकांच्या लॅपटॉपवर हेच होतं. फुकट स्कॅन करायचा, शेकडो 'एरर' लाल अक्षरांत दाखवायच्या आणि दुरुस्तीसाठी पैसे मागायचे, असा धंदा वर्षानुवर्षं चालला. म्हणून 1 मार्च 2018 पासून मायक्रोसॉफ्टने नियम कडक केला: वाढवून-चढवून घाबरवणारे आणि त्या भीतीवर खरेदी करायला लावणारे क्लीनर-ऑप्टिमायझर प्रोग्राम नको असलेले धरायचे आणि काढून टाकायचे. ऑगस्ट 2021 पासून पीयूए अडवणं आपोआप चालू असतं. ही भीती कशी विकली जाते याचं उदाहरण अमेरिकेत दिसलं. रेस्टोरो आणि रीइमेज या पीसी रिपेअर सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांवर फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या ग्राहक संरक्षण संस्थेने फसवणुकीचा आरोप ठेवला आणि 2024 मध्ये त्या 2.6 कोटी डॉलर द्यायला तयार झाल्या.

पण पीयूए म्हणजे व्हायरस नव्हे. जुलै 2020 मध्ये डिफेंडरने सीक्लीनर या सफाईच्या प्रसिद्ध प्रोग्रामलाही हाच शिक्का मारला होता. कारण एवढंच की त्याचे काही इन्स्टॉलर सोबत दुसरे प्रोग्राम गळ्यात मारत होते.

'हॅकटूल' असेल तर प्रकरण वेगळं. विसरलेला पासवर्ड काढून देणारी साधनं यात सापडतात. मार्च 2025 मध्ये पंख्याचा वेग आणि तापमान बघणारे बरेच प्रोग्राम अचानक अडले, ते यामुळेच. विनरिंगझिरो नावाचा एक जुना ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्राम) त्या सगळ्यांच्या पोटात होता. तो साध्या प्रोग्रामला थेट हार्डवेअरपर्यंत नेतो आणि त्यातली फट 2020 पासून माहीत आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण त्या फटीतून दुसरं कोणीही आत शिरू शकतं.

'ट्रोजन' (चांगल्या प्रोग्रामचं सोंग घेतलेला घातक प्रोग्राम) असेल तर थांबा. नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि 'एमएल' असेल तर तो मशीन लर्निंगचा अंदाज असतो. तो चुकूही शकतो, पण चूक सिद्ध होईपर्यंत खराच धरा.

आता मूळ प्रश्न. रिपेअर सॉफ्टवेअरच इतकं का अडकतं? कारण त्याला ॲडमिन परवानगी लागते, ते रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) खोडाखोड करतं, ड्रायव्हर बदलतं, दर वेळी संगणकाबरोबर सुरू होतं. मालवेअरही, म्हणजे घातक सॉफ्टवेअरही, नेमकं हेच करतं. कुलूप उघडून देणारा आणि चोर, दोघांच्या पिशवीतली हत्यारं सारखीच. पहारेकरी हत्यारं बघून थांबवणारच.

पायरी 3: फाइल तपासा

फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिजिटल सिग्नेचर्स. तो टॅबच नसेल किंवा सहीत कंपनीचं भलतंच नाव असेल, तर फाइल डिलीट करा. मग व्हायरसटोटलच्या साइटवर इन्स्टॉलर टाका. तिथे 70 च्या आसपास अँटिव्हायरस एकदम तपासतात. तिथे टाकलेली फाइल इतरांच्याही हाती लागू शकते, म्हणून स्वतःची कागदपत्रं कधीच टाकू नका.

सही असली म्हणजे निर्धास्त व्हावं, असंही नाही. ऑगस्ट 2017 मध्ये आलेल्या सीक्लीनरच्या 5.33 आवृत्तीत हल्लेखोरांनी कंपनीच्या आतूनच मालवेअर घुसवलं होतं. सही खरी, साइट खरी, तरीही सुमारे 22.7 लाख संगणकांवर ते पोचलं.

पायरी 4: घरचं औषध आधी

काकांना विचारलं, नेमका त्रास काय? उत्तर आलं: सुरू व्हायला वेळ लागतो आणि मधेच ॲप बंद पडतात. यासाठी बाहेरचं काही लागत नाही.

टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप ॲप्स बघा आणि नको ते डिसेबल करा. सेटिंग्जमधल्या स्टोरेजमधून टेम्पररी फाइल काढा. ड्रायव्हर हवा असेल तर विंडोज अपडेट किंवा लॅपटॉप कंपनीची साइट.

ॲप बंद पडत असतील तर कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. (कमांड अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करायच्या.) आधी डीआयएसएम, पुढे एकेक जागा सोडून /ऑनलाइन, /क्लीनअप-इमेज आणि /रिस्टोअरहेल्थ. ते संपलं की एसएफसी, जागा सोडून /स्कॅननाऊ. हा क्रम महत्त्वाचा आहे: एसएफसी बिघडलेल्या फाइलींच्या चांगल्या प्रती विंडोजच्या आतल्या कोठारातून उचलतं आणि डीआयएसएम ते कोठारच दुरुस्त करतं. काकांच्या लॅपटॉपवर डीआयएसएम 62.3 टक्क्यांवर बराच वेळ थांबलं. ते तिथे थांबतंच. खिडकी बंद करू नका, चहा करून या.

रजिस्ट्री क्लीनर मात्र कुठलाच नको. खुद्द मायक्रोसॉफ्ट त्यांच्या वापराला पाठिंबा देत नाही. रजिस्ट्रीतल्या शे-दोनशे जुन्या नोंदी गेल्याने वेग वाढत नाही, पण एक चुकीची नोंद गेली तर विंडोज सुरूच व्हायचं नाही.

पायरी 5: तरीही तेच सॉफ्टवेअर हवं असेल तर

तपासणीतून ते खरंच बरं निघालं, तर आधी रिस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे बिघडलं तर विंडोज आधीच्या स्थितीत परत नेता येतं. मग प्रोटेक्शन हिस्ट्रीत त्या एका नोंदीवर ॲक्शन्समधून 'अलाव' करा. फक्त त्या एकीवर. आख्खं डाउनलोड्स फोल्डर वगळण्याच्या यादीत टाकू नका आणि रिअल-टाइम प्रोटेक्शन बंद करू नका. जे सॉफ्टवेअर 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी अट घालतं, ते तिथेच सोडून द्या. डिफेंडरची चूक वाटत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फाइल तपासणीला पाठवता येते.

अशा प्रोग्रामपायी पैसे आधीच गेले असतील, तर बँकेला कळवा आणि भारतात असाल तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

काकांकडे आणखी एक काम निघालं. याआधी कधीतरी असाच एक 'ऑप्टिमायझर' त्यांनी टाकला होता आणि काढलाही होता, तरी रोज लॉगिन झालं की 'तुमचा पीसी धोक्यात' अशी खिडकी यायची. ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप सुरू करणारा टास्क शेड्युलर उघडला, तर त्याचं एक टास्क तिथेच ठाण मांडून बसलेलं, ट्रिगर 'ॲट लॉग ऑन', म्हणजे लॉगिन झालं की सुरू. राइट क्लिक करून डिलीट केलं आणि रीस्टार्ट मारला. खिडकी आली नाही. तुम्हीही अनइन्स्टॉलनंतर ती यादी एकदा वरपासून खालपर्यंत बघा.