जुन्या मारुती एट हंड्रेडचं इंजिन खोलण्याआधी

आधी आरसी काढून बघा. पंधरा वर्षं उलटली असतील आणि नूतनीकरण झालं नसेल, तर इंजिनात पैसा घालण्याआधी आरटीओचं काम उरका. ऑइल, प्लग, एअर फिल्टर मिस्त्री न सांगता बदलतोच.

मग रेडिएटर. अकोट, तेल्हारा, दर्यापूर म्हणजे अकोला-अमरावतीकडचा खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारट. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलेलं असतं, क्षार नळ्यांत बसतो आणि वरून रेडिएटर चकाचक दिसतो. आमच्या गाडीच्या पिस्टनला नव्या रिंगा बसल्या, नवं गॅस्केट बसलं, रेडिएटर तेवढा राहिला. मे महिन्यात मूर्तिजापूरच्या पुढे ती उकळली. म्हणून तो खाली उतरवून रेडिएटरवाल्याकडून आतून साफ करून घ्या. मिस्त्री म्हणेल, "राहू द्या ना भाऊ, काय होते त्याले!" राहू देऊ नका.

इंजिन खोलायचं की नाही, हे कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरातला दाब मोजणारं मीटर, ठरवतं. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या. नाही चढला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. गेज न लावताच बोअरिंगचा, म्हणजे सिलिंडर आतून कातण्याचा, खर्च सांगणाऱ्याकडे गाडी सोडू नका. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा थर दिसला, तर बहुधा इंजिन तापून गॅस्केट गेलंय आणि पाणी ऑइलात शिरतंय. म्हणजे परत तेच, रेडिएटर!

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे, जास्त तापलं की वाकतं. उघडलंच तर पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) लावून सपाट आहे का बघा. बोल्ट टॉर्क रेंचनेच, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळा. पाना मारून अंदाजाने नाही.

ताकद वाढवायच्या नादी लागू नका. ७९६ सीसीला मोठा सायलेन्सर लावून फक्त आवाज वाढतो. तोच पैसा रबरात घाला: पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुने पाइप आणि कार्ब्युरेटरचं डायफ्रॅम त्याने लवकर खराब होतात. भंगारातून इंजिन आणलं तर पावती घ्या, नवा नंबर आरसीवर चढवावा लागतो.

टायमिंग बेल्ट कधीचा ते माहीत नसेल तर नवा. क्लच, माउंटिंग बघून घ्या. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, "आपल्याकडे गरमच असते" म्हणून काढून टाकतात. बसवायला लावा, थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं. रेडिएटरची कॅप नवी, ०.९ बार दाबाची, ती दाब धरते म्हणून पाणी शंभर अंशांना उकळत नाही. आत कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नाही, एक तांब्यासुद्धा नाही. पैसे देण्याआधी गाडी उभ्या जागी चालू ठेवा आणि पंखा आपोआप लागतो का बघा. नाही लागला तर गाडी तिथेच राहू द्या.