इसब, मलम आणि बोटाचं एक पेर

भांड्यांच्या साबणाने हातांच्या पाठीवर इसब उठलं. हे गजकर्ण नाही ना, ते डॉक्टरांनी आधी तपासलं; बुरशीवर स्टेरॉइड लावलं तर खाज दबते, चट्टा मात्र पसरत जातो. मग मोमेटासोन हे स्टेरॉइडचं मलम दिलं, दिवसातून एकदा, दोन आठवडे. माझी चूक वेगळीच. भीतीपोटी मी टिकलीएवढंच लावायचे, त्यामुळे गुणच येईना. खरं माप असं: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून पिळलेली रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. चेहऱ्याला लावायचं नाही, हेही बजावलं. दहाव्या दिवशी खाज थांबली. व्हॅसलीन आणि भांडी घासताना हातमोजे अजून चालूच आहेत. सासूबाई हसतात, हसू देत.